साक्षीचा सदरा

बेंजूदादा गेल्याचा फोन एस्तेरवहिनीनेच केला. विंचूरच्या शाळेत मी वर्गावर होते. "तुमचे दादा गेले. झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मला रडू नाही आलं, राग आला... हा माणूस इतक्या सुखाने कसा गेला?

माझा हा थोरला भाऊ देवळाली कॅम्पात नोकरीला होता आणि वर्षानुवर्षं पीत होता. त्याच्या एका फटक्याने वहिनीचा डावा कान कायमचा गेला. पुढे एका प्रार्थनासभेत त्याला प्रभू भेटला आणि बाटली सुटली, हे खरं. तेव्हापासून दर रविवारी पांढरा, कडक इस्त्रीचा सदरा घालून तो चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राही. माणूस स्वतःच्या कर्मांनी नाही, देवाच्या कृपेनेच तरतो, ही आमची शिकवण. दादाला ती फारच सोयीची पडली. माझ्यासारख्या नीचालाही फुकट तारलं, असं तो गहिवरून सांगे आणि लोक डोळे पुसत. वहिनी तेव्हा डावा कान व्यासपीठाकडे करून बसायची. मार खाल्ला तिने, माफ केलं देवाने आणि कौतुक दादाचं! असा आयत्या बिळावरचा नागोबा मी दुसरा पाहिला नाही.

एकदा जेवताना मी त्याला विचारलंच, वहिनीची माफी मागितलीस का कधी? तो शांतपणे म्हणाला, "ज्यानं माफ करायचं त्यानं केलं. आता माणसांकडे काय मागायचं?" वहिनी भाकरी वाढत होती. वाढली आणि आत गेली.

त्याच्या स्मरणाच्या उपासनेत पाळकांनी वहिनीलाच साक्ष द्यायला उभं केलं. ती म्हणाली, "देवानं त्यांना माफ केलं असेल. मी अजून नाही केलं. मला कुणी विचारलंच नाही." आणि खाली बसली. पाळकांनी घाईघाईने गीत सुरू केलं. मी ते अगदी खड्या आवाजात गायले.

परवा शनिवारी तिच्याकडे गेले, तर ती दादाचा तोच सदरा इस्त्री करत होती. माझं डोकंच फिरलं. तिच्या उजव्या बाजूला जाऊन म्हटलं, देऊन टाक ना कुणाला तरी. तिने कॉलर नीट दाबली, सदरा दाराजवळच्या खुंटीला लावला.

"शेवटच्या दिवशी सगळे कबरीतून उठतील म्हणतात ना, ताई? तेव्हा आधी माझ्याकडे यायचंय त्यांना, माफी मागायला. चुरगळलेल्या सदऱ्यात कसे येतील?"