शांतीमावशीची चढलेली भुवई

पेणजवळ जोह्यात आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे भोंगा आणि धुराडं नव्हे. पत्र्याची लांब शेड, फळ्यांवर ओळीनं बसलेले गणपती आणि त्यांच्यापुढे ब्रश घेऊन बसलेल्या बाया. इथला मालक मी, निकेश. पण ते बोर्डावर. खरा कारखाना चालतो शांतीमावशीच्या तालावर, आणि हे मी राजीखुशीनं लिहितोय असं कोणी समजू नये.

मावशी रोज जित्याहून मिनीडोर रिक्षा पकडून येते. वय अठ्ठावन्न, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, तोंडात एक तर मिश्री नाहीतर माझी खरडपट्टी. पस्तीस वर्षं ती आखणी करते, म्हणजे गणपतीचे डोळे काढते. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची ती. मी चड्डीत फिरत होतो तेव्हा तिनं माझं नाक पुसलंय, त्यामुळे मालक म्हणून माझा वचक किती असेल ते तुम्हीच ठरवा.

तिचा स्वतःचा एक नियम आहे. एकदा उघडलेला डोळा पुसायचा नाही. बाकी मूर्ती खरवडा, पुन्हा रंगवा, तिची हरकत नाही. पण डोळा उघडला म्हणजे देव बघायला लागला, मग पुसणारे आपण कोण, असं तिचं म्हणणं. चार वर्षांपूर्वी ऐन हंगामात तिचे डोळे आले. लाल झालेले, पाणी गळतंय. घरी जा म्हटलं तर ऐकेना. आणि एका दोन फुटी गणपतीची डावी भुवई गेली तांदळाभर वर. मी म्हटलं पूस, ती म्हणाली नाय. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. शेवटी कोलाडच्या एका कुटुंबानं तोच गणपती पसंत केला. बाप्पा 'अभ्यास झाला का' असं विचारतोय म्हणून त्यांची पोरं खूश. मीही मग त्याचा फोटो काढून कारखान्याच्या पेजवर टाकला.

मूर्तींचे दागिने रंगवायला आमच्याकडे वनिता आहे. तिचा नवरा दिनेश धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. त्यांची मुलगी समीक्षा, पंधरा वर्षांची, पेणला दहावीत. शाळा सुटली की एसटीनं येते आणि आईचं काम संपेपर्यंत मावशीच्या शेजारी बसून तुटक्या मूर्तींवर डोळे काढत बसते. तशा आणखी दोन-तीन मुली असतात, आयांची वाट बघणाऱ्या. हातात ब्रश कमी आणि मोबाईल जास्त.

मागच्या वर्षी पेणच्या शाळेत पोलीस येऊन मोबाईलवरच्या धोक्यांबद्दल सांगून गेले. पालक म्हणून मीही होतो. ऐकून माझं डोकं असं तापलं की दुसऱ्याच दिवशी मी कारखान्याच्या दारात रंगाची रिकामी बादली ठेवली आणि हुकूम सोडला: आत यायचं तर फोन बादलीत. तीन दिवस मी छाती पुढे काढून फिरलो. चौथ्या दिवशी समीक्षाचा फोन सहज उचलला, तर फारच हलका लागला. आत बॅटरीच नव्हती. आजोबांचा बंद पडलेला फोन ती रोज इमानेइतबारे बादलीत टाकत होती आणि खरा दप्तरात होता.

मी पत्रे हादरतील एवढा ओरडलो. पोरगी रडकुंडीला आली, वनितानं तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि मावशी? ती हसून हसून खाली बसली.

"हसतेस काय?" मी म्हटलं.

"तुझ्यात मी दिसले म्हणून हसते," ती म्हणाली. "माझा साईराज नववीत असताना त्याचा मोबाईल मी भाताच्या कणगीत पुरला होता. महिन्यानं मोबाईल काढला, पण पोरगा काय हाताला लागला नाय. त्यानंतर मला नुसतं व्हय आणि नाय. कॉलेज सोडलं ते मला शेजारणीनं सांगितलं, निकेश. आईला शेजारणीनं!"

साईराज आता पनवेलला नोकरीला आहे. सणाला येतो, पाया पडतो, साडी आणतो. मनातलं मात्र अजून सांगत नाही. हे सांगताना मावशीचं हसू कुठल्या कुठे गेलं. बादली मी त्याच संध्याकाळी उचलली आणि तिच्यात हिरवा रंग कालवला.

मग मावशीनं तिची पद्धत सुरू केली. जेवणाच्या सुट्टीत किंवा चहाला मुलींच्या मधोमध जाऊन बसायची आणि म्हणायची, "काय बघता गो? मला पण दाखवा." आधी मुली लाजल्या, मग पेटल्या. नाच, मेकअप, मांजरं, भांडणं, सगळं तिनं बघितलं. न कळलेलं विचारलं, न आवडलेलं तोंडावर सांगितलं, पण फोन हातातून कधी घेतला नाही. समीक्षानं मावशीच्या नावानं खातंसुद्धा उघडून दिलं. फोटो कुणाचा लावायचा विचारलं, तर मावशीनं परसातल्या कारल्याचा लावला. "उद्या कोणी कडू बोलला तर आधीच सांगितलेलं बरं," म्हणाली. मी आपला लांबून नाक मुरडत होतो. पस्तीस वर्षं देवाचे डोळे काढणारी बाई पोरींबरोबर रील बघते, हे काय चाललंय, असं मला वाटे.

यंदा हंगामाच्या तोंडावर, एका गुरुवारी, समीक्षा फोन घेऊन मावशीकडे आली. चेहरा फुललेला.

"मावशी, ही माझी पिंकीताई. रोह्याची आर्टिस्ट हाय. हे बघ तिचं काम."

मावशीनं चष्मा चढवला. गणपतीचे फोटो एकामागून एक सरकत होते. एका फोटोवर तिनं बोट ठेवलं आणि ते हललंच नाही. मी शेजारीच रंग बघत होतो, वाकून पाहिलं. दोन फुटी गणपती. डावी भुवई तांदळाभर वर.

"हा कोणी केला गो?" मावशीनं विचारलं.

"पिंकीताईनं. तिनंच सांगितलं."

माझं तोंड उघडणार एवढ्यात मावशीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता. "निकेश, तू जा, रंग सुकतोय," ती म्हणाली. मी दोन पावलं गेलो आणि खांबाआड उभा राहिलो. मालक असून.

"छान हाय," मावशी पोरीला म्हणाली. "आणि काय म्हणते तुझी ताई?"

पोरगी घडाघडा बोलली. ताईची ओळख मोबाईलवरच, दोन महिन्यांपूर्वीची. ताई मोठ्या स्पर्धेसाठी मुली निवडते. समीक्षाला निवडलंय. रविवारी अकरा वाजता रोहा स्टेशनवर भेटायचं. एकटीनं यायचं, घरी इतक्यात बोलायचं नाही, नाहीतर निवड रद्द. आणि फॉर्मसाठी पूर्ण उभा फोटो हवाय, जरा चांगल्या कपड्यांतला. तो अजून पाठवला नव्हता. हमरापूर स्टेशनवरून रोह्याची गाडी मात्र तिनं बघून ठेवली होती.

"मग मला का सांगितलंस?" मावशी म्हणाली. "नाय सांगायचं होतं ना?"

"तू घरची थोडीच हायेस," समीक्षा म्हणाली, आणि जरा थांबून, "आणि तू ओरडत नायस."

मी खांबाआड बोटांवर दिवस मोजले. रविवारला मध्ये दोनच दिवस होते. बादली दारात असती तर ही पोरगी कुणालाही न सांगता गाडीत बसली असती, हे मला तिथंच कळलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

मावशी मात्र शांतपणे म्हणाली, "तिला व्हिडिओवर बोलव. मला पण बघायचीय." समीक्षानं फोन लावला, तो कट झाला. कॅमेरा बिघडलाय, असा मेसेज आला. "असू दे," मावशी म्हणाली. "लिही तिला: ताई, या गणपतीची डावी भुवई अशी वर का काढलीत?"

उत्तर लगेच आलं. समीक्षानं मोठ्यानं वाचलं. "ती माझी खास स्टाईल आहे. मी प्रत्येक मूर्तीला तशीच काढते."

मावशी एवढ्या जोरात हसली की शेडमधल्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. "अगो बायांनो, माझे आलेले डोळे हिची स्टाईल झाली!"

मी खांबाआडून बाहेर आलो. आता चिमट्याची भीती नव्हती. माझ्या फोनमध्ये त्या वर्षीचे फोटो होतेच. टेम्पोत ठेवलेला तोच गणपती, शेजारी लाल डोळ्यांची, फुगून बसलेली मावशी. समीक्षानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. पिंकीताईनं दाखवलेला फोटो आमच्याच पेजवरून उचललेला होता. तिनं भुवया ताडून बघितल्या. मग विचारलं, "मग रविवारी स्टेशनवर कोण येणार होतं?"

मावशीनं तिला आपल्या शेजारी बसवलं.

वनिताला बोलावलं, तिनं दिनेशला फोन केला. तो अर्धी शिफ्ट टाकून आला. घाबरलेली वनिता सगळं पुसून टाकायला निघाली होती, पण मावशीनं तिचा हात धरला. "पुसायचं नाय. काय लिहिलंय ते तसंच राहू दे." त्याच संध्याकाळी सगळे पेणच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या मॅडमनी मेसेज बघितले, सगळं राखून ठेवल्याबद्दल शाबासकी दिली, आणि समीक्षाला खुर्ची देऊन म्हणाल्या, "तुझं काहीही चुकलेलं नाही." पुढं पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. पिंकीताई ना रोह्याची होती ना ताई. चाळिशीचा बाप्या होता. सापडला.

पण मला सांगायचंय ते शुक्रवारचं. पोलिसांकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी समीक्षा कारखान्यात आली आणि कोपऱ्यात बसून हमसाहमशी रडली. भीतीनं असेल म्हणून आम्ही पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "भीती नाय वाटत. ती रोज म्हणायची, समीक्षा, तू डोळे किती सुंदर काढतेस. तुमच्यातलं कोणी एकदा तरी बोललंय?"

कोणी बोललं नव्हतं. आमच्याकडे तशी रीतच नाही. मूर्ती बिघडली की सगळे बोलतात. चांगली झाली की मुकाट्यानं फळीवर जाते आणि दुसरी हातात येते. माझे वडील असेच होते, त्यांचे वडील असेच. गप्प बसणं हीच शाबासकी, असं आम्ही धरून चाललो होतो. पोरांना ते कळतं की नाही, हे कधी कुणी विचारलंच नाही. त्या बाप्यानं आमच्या पोरीला जाळ्यात ओढलं ते एका अशा वाक्यानं, जे आमच्याकडे पडून होतं आणि आम्ही दिलं नव्हतं.

मावशी फार दुखावली. "मला पण कोणी म्हणाला नाय गो," एवढंच बोलली आणि माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

रविवार उजाडला. अकराच्या सुमाराला समीक्षा रोह्याला नव्हती, आमच्या शेडमध्ये होती. मावशीनं तिच्यापुढे तुटकी मूर्ती नाही, चांगली दीड फुटी विक्रीची मूर्ती ठेवली. "उघड डोळे," म्हणाली. पोरीनं ब्रश बुडवला आणि कामाला लागली. अर्ध्या तासानं तिनं ब्रश खाली ठेवला. मावशी मूर्तीजवळ गेली, मागं आली, चष्मा पुसला, खाकरली. चांगलं बोलायची सवय नाही ना.

"बरा... नाय, बरा नाय. चांगला झालाय. लय चांगला झालाय गो. माझ्या पहिल्या डोळ्यांपेक्षा चांगला."

समीक्षा हसली आणि म्हणाली, "मावशी, अजून एकदा बोल." मावशी अजून दोनदा बोलली. आम्ही सगळे बघत होतो. माझ्याही अंगात आलं. वनिताला म्हटलं, तू दागिने सुरेख रंगवतेस. तिनं संशयानं विचारलं, "का? उद्या जास्त थांबायचंय काय?" आणि मी शेवटी मावशीकडे वळून, पस्तीस वर्षांचं एकदम, बोलून टाकलं. तिनं मला मूर्खात काढलं, पण दिवसभर गाणं गुणगुणत होती.

बुधवारी संध्याकाळी समीक्षा शाळेतून आली ती सरळ मावशीपाशी. फोन पुढे धरलेला.

"मावशी, आणखी एक नवीन आलाय. ओळखीचा नाय. म्हणतो, तू डोळे फार सुंदर काढतेस."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, माहीत हाय मला. आमच्या मावशीनं आधीच सांगितलंय," समीक्षा म्हणाली आणि ब्रश घ्यायला गेली.