मुरब्याला न आलेलं वादळ

बाळांनो, मे महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, वादळ तुमच्याकडे आलं का?" मी म्हटलं, "नाही, ते वळलं." ते खरंच होतं. पण तेवढ्याने हकिगत पुरी होत नाही, आणि फोनवर सांगण्यासारखी ती नव्हती. म्हणून लिहिते आहे.

आमच्या बोईसरच्या इमारतीत मासे घेऊन येणारी, किनाऱ्यावरच्या मुरबे गावची मावशी तुम्ही पाहिली आहे. माझ्याहून बरीच लहान, तरी सगळी इमारत तिला मावशीच म्हणते. त्या आठवड्यात मी तिला सांगितलं, की अरबी समुद्र फार तापला आहे, वादळ होईल असं बातम्यांत म्हणतात. तिने टोपली खाली ठेवली.

"बाय, गेल्या टायमाला पन हेच सांगतलं. आमी अर्धे ओले बोंबील काढून घरात भरले. बोंबलात किडे पडले, सासू शिव्या घालीत बसली, नि वारं? पदर पन नाय उडाला!"

"या वेळी पाणी जास्त गरम आहे."

"मंग चाय टाका त्यात," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

पाणी गरम असण्याने काय होतं, हे तुम्हाला सांगायला हवं. समुद्राचं वरचं पाणी तापलं की वाफ वर चढते. तिचे ढग होताना तिच्यातली उष्णता हवेत सुटते. ती हवा आणखी वर जाते, खाली दाब कमी होतो आणि चहूकडची हवा तिकडे धावते. पृथ्वी फिरते, म्हणून ती सरळ न जाता गोल फिरू लागते. मात्र वरवरचं पाणी तापून भागत नाही. वारा समुद्र ढवळतो, आणि खालचं गार पाणी वर आलं तर वादळ तिथेच मरगळतं. ऊब खोलवर गेलेली असली, की कितीही ढवळलं तरी गरमच पाणी मिळतं आणि ते माजत जातं. माझ्या लहानपणी अशी वादळं आम्ही बहुधा बंगालच्या उपसागराची ऐकायचो. आता आमचा समुद्रही तापू लागला आहे.

मावशीच्या नवऱ्याची डोल होती. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत शिरते. खुंटांची जागा घराण्याची असते, बापाकडून मुलाकडे येणारी. ओढ चालू असताना जाळं काढता येत नाही. भरती आणि ओहोटीच्या मध्ये पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यात ते सोडवावं लागतं. बंदरावर धोक्याचा बावटा चढला, बाकीच्या बोटी परतू लागल्या, तेव्हा तो आणि त्याचा धाकटा भाऊ डोल सोडवायला उलटे बाहेर निघाले. डोल पाण्यात टाकून घरी बसणं तिथे कुणाला सुचतच नाही. वादळ अजून फार लांब होतं. पाणी एकदा थबकेपर्यंत वेळ आहे, असा त्याचा अंदाज.

वादळ लांबच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही, फोन उचलेना. मी रिक्षा करून मुरब्याला गेले. लख्ख ऊन पडलं होतं, वारा जवळपास नव्हताच. आणि त्या स्वच्छ आकाशाखाली मोठमोठ्या लाटा एकामागून एक किनाऱ्यावर येत होत्या. दूर तापलेल्या पाण्यावर वादळाने उठवलेल्या, त्याच्या पुढे निघून आलेल्या लाटा. धाकटा भाऊ एकटाच बोट घेऊन परतला होता. तो वाळूत बसून मावशीला आणि जमलेल्या बायकांना तेच तेच सांगत होता.

"पानी थांबलंच नाय. एक दोर सोडला, दुसरा सोडता सोडता लाटेनं बोट उचलली. दादाच्या पायात दोर, खाली वढला त्याला."

"तू कापला का नाय?" मावशीने विचारलं.

"कोयता दादाकडं होता, वयनी."

ती बाकीच्या बायकांकडे वळली. "पव्हतो तो. किनाऱ्याला लागला असंल कुठं तरी. केळवे-माहीमला बघा, सगळा किनारा बघा." बोटी गेल्या, बघून आल्या. संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की वादळ वळलं, पालघर वाचलं. तुमचा फोन आला तो त्यानंतर.

तो सापडला नाही. मावशी रोज किनाऱ्यावर जायची. शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, की दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यसंस्कार करावेत. शरीर मिळत नाही तेव्हा असंच करतात. मीही गेले होते. पुतळ्याच्या अंगावर घालायला त्याचा एक शर्ट हवा होता. मावशी कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"तो आला तं काय घालंल?" ती म्हणाली.

सासूने समजावलं, मी समजावलं. ती हलली नाही. मग धाकट्या भावाने आपल्या अंगातला शर्ट काढून दिला.