ड्रायव्हर साइड

"ऐक," तावडे सर म्हणाले आणि त्यांनी पिकअपचं पुढचं उजवं चाक हाताने फिरवलं. गाडी लिफ्टवर चढवलेली होती, चाकं हवेत लोंबत होती. कट्. जरा थांबून पुन्हा कट्.

"हा दुसरा शाफ्ट. पहिला परत पाठवला, तर दुकानवाल्यांनी तसलाच पुन्हा पाठवला. क्वालिटी म्हणून काही उरलेलीच नाही बघ. तू फक्त पार्ट खराब आहे म्हणून लिहून दे. पुढचं मी बघतो."

ज्यांना गाडीच्या पोटात काय असतं हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. अॅक्सल शाफ्ट म्हणजे एक पोलादी दांडा. इंजिनाची ताकद तो चाकापर्यंत पोचवतो. चाक वर-खाली होतं, वळतं, म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना हलणारे सांधे असतात. चाकाकडचा सांधा वळतो, आतल्या बाजूचा थोडा आत-बाहेर सरकतो. मी जर्मनीत इंगोलश्टाटला एका सप्लायर कंपनीत हेच शाफ्ट तपासते. मोडेपर्यंत फिरवायचे आणि का मोडले ते लिहायचं, असं माझं काम. सर या कामात माझे पहिले बॉस. निवृत्त होऊन गावाबाहेर राहायला गेले, लाकडं वाहायला ही जुनी पिकअप घेतली, आणि तिची सगळी दुरुस्ती स्वतःच करायचे. तासावर भाड्याने लिफ्ट देणारं एक गॅरेज आहे. मालक टोनी, अस्सल बव्हेरियन. सर आले की तो आपली हत्यारं न विचारता पुढे करतो.

मी त्या शनिवारी गेले ती मात्र सरांच्या बोलावण्यावरून नाही. आदल्या आठवड्यात रेनाटेचा फोन आला होता. रेनाटे म्हणजे सरांची बायको, जर्मन. तिला मराठी येत नाही. सासूबाईंनी शिकवलेला एकच शब्द तिने आयुष्यभर वापरला, 'अहो'. सरांना ती त्याच नावाने हाक मारते.

"तो सकाळी माझ्याशी मराठीत बोलतो," ती म्हणाली. "मी नुसती बघत बसते. मग त्याला राग येतो. परवा राउंडअबाउटमध्ये उलट्या बाजूने शिरला. डॉक्टरचं नाव काढलं की दार आपटतो. आता या शाफ्टवरून आमची पैज लागली आहे. पार्ट खराब निघाला तर मी डॉक्टरचं नाव काढणार नाही. पार्ट चांगला निघाला, तर तो माझ्याबरोबर येईल आणि तोवर किल्ली माझ्याकडे. तो लगेच हो म्हणाला. त्याला खात्री आहे ना." मग म्हणाली, "मेघना, तो पार्ट खराब निघू दे."

मलाही तेच हवं होतं. पार्ट खराब निघतात. त्यावरच माझं पोट चालतं.

मी नेहमीच्या क्रमाने गेले. आधी चाकाचं बेअरिंग, कारण पुष्कळदा आवाज त्याचा असतो आणि बोल शाफ्टला लागतो. चाक वर-खाली धरून हलवलं. घट्ट होतं. मग बॉल जॉइंट. ठीक. सांध्यावरचं रबर कुठे फाटलेलं नव्हतं, ग्रीस स्वच्छ होतं. आतल्या सांध्यावर हात ठेवून सरांना चाक फिरवायला सांगितलं. ठोका तिथेच बसत होता. सांधा बाहेर ओढला गेला होता, अगदी टोकाला येऊन कसाबसा अडकलेला.

"बघ," सर म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

"सर, जुना शाफ्ट आहे का?"

"आहे की. मागे ठेवलाय."

शाफ्ट बाहेर काढला आणि जुना आणि नवा बाकावर शेजारी शेजारी ठेवले. हे खरं तर गाडीला हात लावण्याआधी करायचं असतं. मला हे शिकवलं सरांनीच. जुन्याशेजारी ठेवल्याशिवाय नवा पार्ट बसवणाऱ्याला ते दिवसभर चहा विचारायचे नाहीत. या वेळी दोनदा शाफ्ट आला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो तसाच बसवला होता.

नवा शाफ्ट दोन बोटं आखूड होता.

सर खूश झाले. "झालं की नाही सिद्ध? मापच चुकलंय. लिही."

रेनाटे थर्मासमधून कॉफी ओतत होती. तिला मराठी कळत नसलं तरी सरांचा चेहरा कळत होता. ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यावर थांबता आलं असतं तर मी थांबले असते.

पण इतका नीट आखूड शाफ्ट चुकून होत नाही. टोकाचे दाते बरोबर होते, सांधे बरोबर होते, फक्त दांडा कमी. मी टेप घेऊन गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि डावीकडचा, कुणीही न काढलेला, मूळचा शाफ्ट जागेवरच मोजला. नव्याचं आणि त्याचं माप एक होतं.

या गाडीत चाकांना ताकद वाटून देणारा डबा मधोमध नाही, डावीकडे सरकलेला आहे. त्यामुळे डावा शाफ्ट आखूड, उजवा लांब. दाते सारखेच असल्याने डावा शाफ्ट उजवीकडे बसतो, पण पुरत नाही. कट् कट् करत राहतो. म्हणजे दोन्ही वेळा आलेला पार्ट उत्तम होता. फक्त डाव्या बाजूचा होता.

मी बाहेर जाऊन दुकानाला फोन केला. काउंटरवरच्या बाईला सर चांगले आठवत होते.

"तावडेसाहेबांनी फोनवर सांगितलं, पुढचा, फाररझाइटे. मी दोन्ही वेळा पुन्हा विचारून घेतलं. अगदी बरोबर, फाररझाइटे, असं म्हणाले."

फाररझाइटे म्हणजे ड्रायव्हरची बाजू. जर्मनीत ड्रायव्हर डावीकडे बसतो.

आपल्याकडून नवीन आलेला प्रत्येक इंजिनिअर ही चूक एकदा तरी करतो. पुण्यात ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी, क्लीनर साइड म्हणजे डावी. तोंडात बसलेले शब्द असतात. म्हणून सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी गाडीमागे उभं करायचे. "इथे ड्रायव्हर साइड हा शब्द मेला. गाडीचं तोंड तिकडे आपलं तोंड. मग लिंक्स आणि रेश्ट्स, डावं आणि उजवं. तिसरा शब्द ऐकला तर पुण्याचं तिकीट काढून देईन." डिपार्टमेंटमधले जर्मनसुद्धा हे वाक्य मराठी हेल काढून म्हणायचे.

मी आत आले.

"सर, तुम्ही कुठल्या बाजूचा मागवला होता?"

"ड्रायव्हर साइडचा. खराब तोच होता ना."

"ड्रायव्हर कुठे बसतो?"

"हा काय प्रश्न झाला?" असं म्हणून त्यांनी हात वर केला आणि न अडखळता उजव्या दाराकडे दाखवला.

त्या दाराच्या काचेतून आतलं सगळं दिसत होतं. तिथे स्टिअरिंग नव्हतं. सर तिकडे बघत होते आणि हात तसाच होता.

रेनाटेने कप बाकावर ठेवला. बोलणं तिला कळलं नाही, हात कळला. तिने जर्मनमध्ये हळूच विचारलं, "पार्ट?"

"पार्ट चांगला आहे," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि टोनीकडे पाठ करून उभी राहिली. टोनीला काय कळलं कोण जाणे. तो एक पाना उचलून पुसायला लागला, तो आधीच स्वच्छ होता.

पुढच्या शनिवारी उजवा शाफ्ट आला. बसवला मी, पण खरं तर बसवला सरांनीच. कुठला पाना हवा ते मी म्हणायच्या आत हातात यायचा. जुना नट मी सवयीने परत लावायला घेतला तर बोटावर चापट बसली. "हबचा नट नेहमी नवा, मेघना. किती वेळा सांगायचं?" सीलला तेल लावलं, शाफ्ट आत सरकवला, टक् असा बारीक आवाज झाला. तो ऐकून ते म्हणाले, "बसला." त्यांचे हात मी पंधरा वर्षं बघते आहे. हातांना काहीही झालेलं नव्हतं. तेवढा वेळ मला वाटत राहिलं की आपण सगळ्यांनी मिळून या माणसावर अन्याय केला आहे.

गाडी खाली उतरवली. चाचणीची फेरी उरली होती. पैजेप्रमाणे किल्ली रेनाटेकडे होती. सरांना ते कसं सांगायचं याची आम्हा दोघींना केव्हाची धास्ती. रेनाटेने तर वाक्यं ठरवून ठेवली होती.

ती लागलीच नाहीत. सर हात पुसत पुढे गेले, उजवं दार उघडलं आणि आत बसले. पट्टा लावला. मग दोन्ही हात पुढे केले. हात हवेतच राहिले. त्यांनी समोरच्या सपाट पॅनेलवरून तळवा फिरवला, खाली वाकून पाहिलं. मग काच खाली करून मला विचारलं, अगदी वर्कशॉपमधल्या आवाजात, कुणाच्या कामात चूक सापडली की विचारायचे तसं.

"मेघना, स्टिअरिंग काढलं होतंस का गं? परत बसवायचं राहिलंय."

रेनाटे काचेशी गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो," ती म्हणाली. एवढंच. किल्ली तिने माझ्याकडे दिली. मी फिरून डावीकडे गेले आणि स्टिअरिंगमागे बसले. सरांनी स्टिअरिंगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवर घेतले.

गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर मी दोन्हीकडे पूर्ण वळणं घेतली, ब्रेक मारले, फोर-व्हील टाकून पाहिलं. सर मान तिरकी करून ऐकत होते.

"आवाज गेला," ते म्हणाले.

"हो सर."

"बघ. पार्टच खराब होता."

मी हो म्हणाले.

डॉक्टरकडे ते रेनाटेबरोबर गेले, कुरकुर न करता. पैज त्यांच्या लक्षात नव्हती. पिकअप टोनीने घेतली. लाकडं आता तोच पोचवतो, आणि सर त्याच्या शेजारी, उजवीकडे बसून जातात. कुठल्या वळणावर कुठला गिअर टाकायचा ते त्याला सांगत असतात, मराठीत. टोनी जर्मनमध्ये या, या म्हणतो, म्हणजे हो, हो.

नवा पार्ट बसवण्याआधी तो जुन्याशेजारी ठेवून बघावा. हा धडा माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी देते, आणि ड्रायव्हर साइड हा शब्द मेला हेही सांगते. सरांनी मागितलेला अभिप्राय मी लिहिला. तो माझ्याकडेच पडून आहे. शेवटची ओळ नेहमीचीच आहे, पार्टमध्ये दोष नाही. आमच्या धंद्यात ही चांगली बातमी समजतात.