उडतानाचा फोटो

नारळी पौर्णिमा झाली की आम्ही मुरबाडचे पाच-सहा जण पहाटे जीप करून समुद्रावर जातो आणि कोळ्यांच्या होडीतून पक्षी बघतो. त्यात एक हार्डवेअरवाला असतो. होडीत पुढची जागा त्याचीच, आणि दुसऱ्याची दुर्बीण गळ्यात घालून मिरवणाराही तोच.

परवा वाळूच्या दांड्यावर चिखल्या पक्ष्यांचा थवा होता. हिमालयापलीकडून आलेले ते जीव एका पायावर, डोळे मिटून उभे होते. हा म्हणाला, "बसलेल्या पाखराचा फोटो कोण बघतो?" आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या. थवा उठला, घिरटी घालून पुन्हा टेकला. यानं पुन्हा उठवला. होडीवाल्यानंही तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "अरे, दमलेत ते."

"पाखरं दमत नाय रे."

माझं डोकं फिरलं, पण होडीत भांडायचं कसं?

परतताना जीपमध्ये बसताच यानं टोपी डोळ्यांवर ओढली. "मला कोणी उठवू नका. पहाटेपासून जागा आहे, जाम दमलोय."

तो घोरायला लागेपर्यंत मी थांबलो. मग शेजाऱ्याच्या हातात मोबाइल दिला आणि याच्या कानाशी टाळ्या वाजवल्या.

फोटो झकास आलाय.