परफेक्टलीताई

इस्पितळाच्या व्यायाम विभागात तिला सगळे परफेक्टलीताई म्हणायचे. खरं नाव कुणाला आठवत असेल तर शपथ! हाडं मोडलेल्यांना, अंगावरून वारं गेलेल्यांना पुन्हा चालायला शिकवणं हे तिचं काम, आणि तिच्या कौतुकाच्या पायऱ्या ठरलेल्या. नुसतं उभं राहिलात की ‘नाइसली’. दोन्ही बाजूंच्या आधाराच्या दांड्या धरून चाललात की ‘ब्युटिफुली’. ‘परफेक्टली’ मात्र हात सोडून खिडकी गाठणाऱ्यालाच. मराठीत कौतुक करायला तिची जीभ वळत नसे. वळणार कशी? बाबा सुतार. तिनं काहीही करून दाखवलं, तरी ‘बरंय’च्या पुढे त्यांची गाडी कधी गेली नाही.

आता तेच बाबा, खुब्याचं हाड मोडून, तिच्या दांड्यांमध्ये उभे होते.

“ब्युटिफुली, बाबा!”

“पुरे! जाणाऱ्या माणसाला असंच गोंजारतात. कळतं मला.”

ते खुर्चीत बसले ते बसलेच. उठायचं नावच घेईनात. असेच बसून राहिले तर कायमचेच बसतील, या धास्तीनं तिची झोप उडाली. शेवटी ती त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिली. तिची कटकट मिटावी म्हणून म्हणा, बाबा उठले, हात सोडून निघाले आणि, धडपडत का होईना, खिडकीपाशी पोचले.

“म्हण आता तुझं ते परफेक्टली,” ते कुत्सितपणे म्हणाले.

सगळा विभाग तिच्याकडे बघत होता. खरं सांगावं तर म्हातारा पुन्हा खुर्ची धरायचा. पण तीही सुताराचीच पोर.

“नाही म्हणणार. डावा पाय घासत आणलात. आणि मध्ये दांडी धरलीत.”

बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग कपाळावरची आठी हळूहळू उतरली.

“धरली खरी. म्हणजे त्या दिवशीचं ब्युटिफुली खरंच होतं?”

“खोटं कशाला बोलू?”

“मला वाटलं, डॉक्टरांनी हात टेकले. म्हणून तू गोड बोलतेयस.”

“काहीतरीच काय, बाबा!” तिला हसूही आलं आणि रडूही.

बाबा स्वतःहून वळले. डावा पाय नीट उचलून परत निघाले. तिनं तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला.

“आज नको. उद्या घेतो तुझ्याकडून.”

तिचा जीव भांड्यात पडला. हाड मोडल्यापासून बाबांच्या तोंडी उद्याची गोष्ट पहिल्यांदाच आली होती.