स्वयंपाकघरापुढची दोरी

नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. म्हणून न्यू जर्सीत आमच्या गावाबाहेरच्या, आता संग्रहालय झालेल्या एका जुन्या घरात मी शनिवारी बिनपगारी गाइड झाले. घर एका राजकारण्याचं होतं. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती, त्या काळातला माणूस. गिरणीवाल्याचा मुलगा, शिकून वकील झाला, राज्याच्या विधानसभेत वर्षानुवर्षं निवडून गेला, पुढे तिचा अध्यक्ष झाला. रस्ते केले, शाळांसाठी भांडला, स्वातंत्र्यावर सुरेख भाषणं केली. आणि गुलामांच्या मुलांना मोकळं करायचा कायदा सभागृहात आला, तेव्हा विरोधात मत दिलं.

यात गुपित काही नव्हतं. गावच्या लायब्ररीत कुणीही वाचावं. फक्त आमच्या टूरमध्ये ते नव्हतं. गुलामांना "घरातली मदतनीस मंडळी" म्हणायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. ते "मदतनीस" माझ्या तोंडातून कधी निघालं नाही.

एका शनिवारी सत्तरीच्या एक कृष्णवर्णीय बाई आल्या होत्या. स्वयंपाकघरात त्यांनी विचारलं, "इथं रांधायचं कोण?"

"गुलाम बायका," मी म्हटलं. "इथंच राबायच्या, वरच्या माळ्यावर झोपायच्या. घरमालकानं त्यांच्या मुलांच्या सुटकेविरुद्ध मत दिलं होतं."

बाई चुलीजवळ गेल्या, वाकून आत बघितलं. मग म्हणाल्या, "अशी बरीच घरं बघितली मी. असं सरळ कुणी सांगितलं नव्हतं."

दोन दिवसांनी संचालिकाबाईंनी मला बोलावलं. निवृत्त शिक्षिका, स्वभावानं गोड. ग्रुपमधल्या कुणीतरी तक्रार केली होती.

"तू छान बोलतेस," त्या म्हणाल्या, "पण लोक सुट्टीच्या दिवशी येतात. त्यांचा मूड घालवायचा कशाला?"

"त्या बाईंचीही सुट्टीच होती."

त्या जराशा हसल्या. "तुमच्याकडेही जाती आहेतच ना?"

मला ते चांगलंच झोंबलं. "आहेत," मी म्हटलं. "आणि त्याबद्दल बोललं की तिकडचे लोकही मला हेच सांगतात. आज सणाचा दिवस आहे, विषय नको."

पुढच्या शनिवारी गेले, तर स्वयंपाकघराच्या दाराला लाल मखमली दोरी लावलेली. टूर आता दिवाणखान्यातून थेट बागेत. त्या राजकारण्याचं सगळं आयुष्य ज्या खोलीच्या जिवावर चाललं, तीच खोली बंद. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि घरी आले.

नवरा वैतागला. "आपलं ग्रीन कार्ड व्हायचंय अजून. कशाला पंगा घेतेस यार?"

मला त्याचीही चीड आली. भीती मलाही होती, पण म्हणून त्या दोरीला मान डोलवायची? घराला गावाच्या तिजोरीतून पैसा मिळतो, म्हणून मी गावाच्या जाहीर सभेत गेले. तिथं कुणालाही उठून बोलता येतं. टूरला आलेल्या त्या बाईंनी मला नंबर दिला होता; त्यांना मी कळवलं होतं, त्याही आल्या. मी बोलायला उठले, तसा मागून एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटला, "ही काल आलेली आम्हाला इतिहास शिकवणार." बाई वळून म्हणाल्या, "मी काल आलेली नाही. मी बोलते." आणि त्या बोलल्या. मी जे रागारागानं बोलले असते, ते त्या शांतपणे बोलल्या.

दोरी निघाली, पण त्यात बरेच महिने गेले. आता तिथं पाटी आहे. तिच्यावर गुलाम हा शब्द आहे, विधानसभेतलं मतही आहे. खाली शेवटची ओळ: "मालक त्यांना दयेनं वागवत असे."

असं कुणी सांगितलं, हे मी संचालिकाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुटुंबात तशी आठवण आहे."

"कुणाच्या कुटुंबात?"

"बघून सांगते," त्या म्हणाल्या. आता माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, नोकरी आहे, शनिवार मोकळा नसतो. तरी दर थोड्या महिन्यांनी फोन करून मी तोच प्रश्न विचारते. ओळ अजून तशीच आहे.