बोटीसाठी खोलीचं मशीन

पैठणच्या धरणात माझी एक जुनी फायबरची बोट आहे. हिवाळ्यात लोकांना रोहित पक्षी दाखवायला नेतो. भंगाराच्या हातगाडीपासून वर आलेला माणूस मी. ही बोटही लिलावात अशी घासाघीस करून घेतली की समोरच्याने शेवटी हात जोडले.

गेल्या हिवाळ्यात माझे व्याही बोटीत असताना ती गाळात रुतली. पांढरा पायजमा वर खोचून त्यांना चिखलात उतरावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला ते सांगत सुटतात, "आमचे व्याही बोट पाण्यात नाही, वावरात चालवतात!" लोक हसतात. मीही दात दाखवतो. पण जेवण गोड लागत नाही.

राग मी बोटीवरच्या खोली दाखवणाऱ्या मशीनवर काढला. त्या दिवशी ते एक सांगत होतं आणि नावाड्याची खोली मोजायची दोरी दुसरंच. दुसऱ्या दिवशी मशीन उपटून भंगारात दिलं.

यंदा हंगाम जवळ आला आणि नावाडी अडून बसला. त्याचं गाव याच धरणाखाली गेलेलं. पाण्याखालचा एकूण एक उंचवटा त्याला ठाऊक, पण गाळ दर साली जागा बदलतो. म्हणाला, "शेठ, मशीन आणा, नायतर दुसरा माणूस बघा. लोकायचा जीव हाये बोटीत." तो गेला तर माझी बोट म्हणजे नुसती पाण्याची टाकी. मुकाट्यानं निघालो.

शहरात, उस्मानपुऱ्यातल्या दुकानदारानं तीन मशीनं मांडली. पहिल्यात रंगीत मासे पळत होते. मला मासे धरायचे नव्हते. दुसऱ्यात नकाशा होता. दोन्ही उचलून मी भर उन्हात रस्त्यावर नेली, तर काचेवर माझंच तोंड दिसायला लागलं. तिसरं साधं, ठसठशीत काळ्या आकड्यांचं. ते उन्हातही वाचता येत होतं.

"हेच बघतो," मी म्हणालो. "पण आधी पाण्यात वाजवून. आम्ही माठसुद्धा वाजवल्याशिवाय घेत नाही."

"शेठ, माठ घ्यायला कुणी पैठणला जात नाय," दुकानदार म्हणाला. पण आला.

बोटीच्या तळाला नवं भोक पाडायची गरज नव्हती. त्यानं पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी बोटीत तळाशी ठेवली, मशीनचा खालचा, तळातून आरपार आवाज सोडून खोली मोजणारा गोळा त्यात बुडवला. आकडा आला. नावाड्यानं आपली दोरी सोडली. तिला फुटाफुटावर गाठी, टोकाला लोखंडी वजन.

खोल पाण्यात दोन्ही आकडे जवळपास जुळले. मग मी मुद्दाम बोट गेल्या वर्षी रुतली होती त्या जागेवर घ्यायला लावली. दोरी म्हणाली सहा फूट. मशीन म्हणालं चार.

माझं डोकं फिरलं. "अरे, दोन फुटांचा फरक? भर पाण्यात आणून फसवतो का मला? निम्म्यात देत असशील तर बोल, नायतर पिशवीसकट घेऊन जा!"

"ते गोळ्यापासून खाली मोजतं, शेठ. तो पाण्याखाली आहे, अर्धा फूट त्याचा धरा."

"आणि उरलेला दीड? तो काय तुझ्या दुकानात राहिला?"

दुकानदार पिशवीतला गोळा हलवून बघायला लागला. नावाडी मात्र दोरी वर ओढत होता. वजन वर आलं, पहिली गाठ आली, त्याच्याही वर वीतभर दोरी काळ्या चिखलानं माखलेली. त्यानं चिखल बोटावर घेतला आणि माझ्यापुढं धरला.

"वजन गाळात घुसतंय, शेठ. दोरी गाळाच्या खालचं सांगती, मशीन वरचं. बोट वरच्यालाच अडकती." मग जरा थांबून, "गेल्या साली जुनं मशीनपण हेच वरडत व्हतं. मी म्हणलो थांबू. तुम्ही म्हणले, मशीन खोटं हाय, दोरी पाच सांगती, हाण पुढं."

म्हणालो होतो. व्याह्यांसमोर परत फिरायला लाज वाटली होती, तेही खरं. आणि चांगलं चालतं मशीन मी पितळेच्या भावानं विकलं होतं!

दुकानदाराकडं न बघता विचारलं, "काय कमी करतो?"

"करणार होतो, शेठ. आता शिव्या खाल्ल्या, त्याच्यात फिटलं."

आयुष्यात पहिल्यांदा मी दुकानदारानं सांगितलेल्या भावात वस्तू घेतली.

नावाडी अजून इंजिनाला हात लावत नव्हता. "आता मशीन तीन म्हणलं तर?"

"थांबायचं."

"आन् तुम्ही वरडले तर?"

मी इकडं तिकडं पाहिलं. "तरी थांबायचं."

"बोटीत तुमचे पाहुणे असले तर?"

"अरे, थांबायचं म्हणलं ना!" मी ओरडलो.

तो दुकानदाराला म्हणाला, "ऐकलं ना तुम्ही?" आणि इंजिन सुरू करून बोट मागं फिरवली.